पदवीपूर्व रसायनशास्त्र: इंदूरच्या मराठी विद्यार्थ्याने पाया कसा भरावा

बारावीची परीक्षा संपल्यापासून बी.एस्सी.चे वर्ग सुरू होईपर्यंत जे दोन-अडीच महिने हाती असतात, त्यांत पुढच्या वर्षाचे पुस्तक उघडण्याची घाई करू नये. १८९१ साली स्थापन झालेल्या होळकर महाविद्यालयात प्रवेश घ्यायचा असो वा शहरातल्या अन्य कोठे, पहिल्या सत्रात अडचण येते ती बहुधा अकरावीच्या पहिल्या दोन-तीन प्रकरणांमुळे.

इंदूरच्या मराठी घरांत आणखी एक अडचण असते, आणि माझ्या मते तिच्यापासूनच सुरुवात करावी. शाळेत हिंदी, घरात मराठी आणि महाविद्यालयातील संदर्भग्रंथ इंग्रजी, अशा तीन भाषांत हा विषय वावरतो. मराठीत ‘अणू’ म्हणजे ॲटम आणि ‘रेणू’ म्हणजे मॉलिक्यूल. हिंदीत मात्र ॲटमला ‘परमाणु’ म्हणतात आणि मॉलिक्यूलला ‘अणु’. म्हणजे ‘पाण्याचा अणू’ हा शब्दप्रयोग हिंदीत अचूक असून मराठीत चूक ठरतो. ‘क्षार’ या शब्दाचेही तसेच आहे. मराठीत तो सॉल्ट, ज्याला हिंदी पुस्तके ‘लवण’ म्हणतात. हिंदीत मात्र पाण्यात विरघळणाऱ्या आम्लारीला (बेसला) ‘क्षार’ हे नाव आहे. महाराष्ट्रातल्या नातेवाइकांकडून आलेले पुस्तक आणि खजुरी बाजारात घेतलेले पुस्तक शेजारी ठेवून वाचणाऱ्याचा येथे हमखास गोंधळ होतो. म्हणून वहीत तीन रकाने आखावेत आणि नवी संज्ञा आली की तिन्ही भाषांत नोंदवावी: द्रावण, विलयन, सोल्यूशन; संयुजा, संयोजकता, व्हॅलन्सी; क्षपण, अपचयन, रिडक्शन.

त्यानंतर मोल. या एका संकल्पनेला पूर्ण दोन आठवडे दिले तरी ते वाया जात नाहीत. २०१९ पासून एक मोल म्हणजे नेमके ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण, अशी व्याख्या आहे. परंतु ती पाठ असून भागत नाही, वजनातून मोल आणि मोलमधून वजन काढता आले पाहिजे. स्वयंपाकघरातले उदाहरण घ्यावे. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. त्याचे मोलर वस्तुमान ८४ ग्रॅम, म्हणून ८.४ ग्रॅम सोडा म्हणजे ०.१ मोल. असिटिक आम्लाशी त्याची अभिक्रिया एकास एक या प्रमाणात होते आणि तितकेच मोल कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे ४.४ ग्रॅम. लागणारे आम्ल ६ ग्रॅम, म्हणून ४ टक्क्यांचे व्हिनेगर सुमारे १५० ग्रॅम लागेल. मोठ्या उघड्या पातेल्यात (बंद बाटलीत कदापि नाही) सोडा थोडा थोडा घालावा आणि आधीच्या व नंतरच्या वजनांतील फरक काट्यावर पाहावा. तो ४.४ पेक्षा थोडा कमी भरतो, कारण काही वायू द्रावणातच विरघळून राहतो. हे कारण विद्यार्थ्याला स्वतः सुचले, तर पुढच्या प्रकरणाकडे जाण्यास हरकत नाही.

याच वायूचे आकारमान काढताना एका मोलला २२.४ लिटर धरायचे की २२.७, हा प्रश्न येतो. दोन्ही आकडे ० अंश सेल्सिअसचे आहेत; पहिला १ ॲटमॉस्फिअर दाबाचा, दुसरा १ बार दाबाचा. प्रश्नात दाब दिलेला असेल तो वाचावा, आकडा पाठ करू नये. समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवरच्या इंदुरात हवेचा दाब या दोन्हींहून कमी असतो आणि उन्हाळ्यात तापमान चाळिशीच्या घरात जाते, त्यामुळे येथे प्रत्यक्षात मोजलेले आकारमान दोन्ही आकड्यांपेक्षा जास्त भरेल.

लॉगॅरिदमची भीती असल्यास पीएचचे प्रकरण अवघड वाटते. त्यासाठी २ चा लॉग ०.३०१० आणि ३ चा ०.४७७१ एवढे लक्षात ठेवून हाताने वीस-पंचवीस गणिते सोडवावीत. आवर्तसारणीतील पहिली तीस मूलद्रव्ये अणुक्रमांकासह पाठ असावीत. सेंद्रिय रसायनशास्त्रातील नामाभिधान आत्ता वरवर पाहिले तरी चालेल. मात्र कार्बनच्या चार बंधांची रेखाटने रोज दोन-तीन काढत राहावीत, आणि ती पुस्तक मिटून काढावीत.