रेडिओथेरपी विभागात नव्याने रुजू होताय? गुणवत्ता कुठे मोजायची ते आधी बघा

नवीन माणूस गुणवत्ता म्हटलं की मशीनकडे धावतो. मशीन तपासायलाच हवं. रोज पहिला पेशंट घेण्याआधी लिनॅकचं (किरण देणाऱ्या मशीनचं) आउटपुट, म्हणजे मिळणारा डोस, ठरलेल्याच्या ३ टक्क्यांच्या आत आहे का, पेशंटची जागा जुळवायचे लेझर २ मिलिमीटरच्या आत जुळतात का, दार उघडताच बीम थांबतो का, हे बघायचंच. पण मशीन बिनचूक असतानाही डोस भलतीकडे जाऊ शकतो. काम एका हातातून दुसऱ्या हातात जातं, तिथे जास्त लक्ष ठेवा.

काउचच्या (पेशंट झोपतो त्या टेबलाच्या) शिफ्टचंच, म्हणजे सरकवण्याचंच घ्या. सीटीच्या वेळी त्वचेवर केलेल्या खुणा आणि प्लॅनचा आयसोसेंटर (ज्या बिंदूभोवती मशीन फिरतं, तो) यांत अंतर असतं. कागदावर येतं, ‘डावीकडे ३.५ सेंमी’. कोण डावीकडे? काउच, की पेशंटच्या डाव्या अंगाला आयसोसेंटर? पेशंट पालथा असेल तर घोळ आणखी वाढतो. दिशा उलटी धरली की ७ सेंमीची चूक होते. म्हणून शिफ्ट लिहायची विभागात एकच रीत हवी. पहिल्या दिवशी सीबीसीटीवर (उपचाराच्या टेबलावरच काढलेल्या सीटीवर) दुरुस्ती नेहमीपेक्षा मोठी दिसली, तर ती तशीच लागू करू नका. कारण सापडेपर्यंत बीम नाही.

संगणकाच्या हिशेबावरही डोळे मिटून विसंबू नये. पनामात २०००-०१ मध्ये शील्डिंग ब्लॉकची (निरोगी भाग झाकणाऱ्या ठोकळ्यांची) माहिती प्लॅनिंग सिस्टिमला, म्हणजे डोसचा हिशेब करणाऱ्या संगणकाला, वेगळ्या पद्धतीने दिली गेली. तिने ती मुकाट स्वीकारली, उपचाराची वेळ चुकीची काढली आणि २८ पेशंटना जास्त डोस गेला. प्रत्येक प्लॅनचा स्वतंत्र हिशेब करायचा तो यासाठी.

मोजायला एकच गोष्ट निवडायची असेल, तर उपचाराला लागलेले एकूण दिवस मोजा: पहिल्या फ्रॅक्शनपासून (एका वेळच्या डोसपासून) शेवटच्यापर्यंत, सुट्ट्या धरून. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये ब्रॅकीथेरपीसह (शरीराच्या आतून दिलेल्या रेडिएशनसह) सगळं ८ आठवड्यांत संपायला हवं. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्येही लांबलेला प्रत्येक दिवस ट्यूमरला वाढायला वाव देतो. इथे सरासरी फसवते. किती पेशंट मुदतीबाहेर गेले ते मोजा. फ्रॅक्शन बुडालं की कारण त्याच दिवशी लिहा: मशीन बंद, तब्येत, प्रवास, सुट्टी. महिन्याने विचारलं तर कुणालाच आठवत नाही. बुडालेलं फ्रॅक्शन भरून काढायला सुट्टीच्या दिवशी उपचार, किंवा एका दिवशी दोन, पण मध्ये किमान ६ तास, निर्णय डॉक्टरांचा.

थोडक्यात टळलेल्या चुकांच्या नोंदीत ‘कोणी केली’ हा रकाना ठेवू नका. ‘कुठे झाली, कुठे पकडली’ एवढं पुरे. पहिल्या काही महिन्यांत नोंदी वाढल्या तर घाबरू नका, माणसं बोलू लागली आहेत.