हरिपाठात मन लागेना? या चुका टाळा

गळ्यात माळ घातलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी हे होतंच. तोंडानं नाम चालू, आत सगळं कोरडं. "म्हणतोय की, पण काय वाटंना बघा," असं सांगणारी माणसं बेळगाव-निपाणीकडच्या गावागावांत भेटतील.

पहिल्यांदा थकवा तपासा. खानापूर भागात आषाढीच्या सुमारालाच भाताची रोप लावणी असते. दिवसभर चिखलात वाकलेला माणूस रात्री माळ घेऊन डुलक्या देतो आणि भक्ती आटली म्हणून स्वतःला बोल लावतो. पहाटेची वेळ धरा. एकदा धरलीत की मग मात्र हलवू नका.

सगळ्यांत घातक चूक म्हणजे गोडी गेली म्हणून नेम वाढवणं. १०८ मण्यांच्या एका माळेवर मन बसत नाही, तोवर अकरा माळांचा संकल्प! तो मोडतो, आणि मग देवळाकडं जायचीच लाज वाटते. उलट नेम लहान करा. पूर्ण हरिपाठ होत नसेल तर पाचच अभंग, पण रोज.

दुसरी चूक भल्या माणसांची: देवापुढं शहाण्यासारखं गप्प बसणं. जनाबाईनं विठ्ठलाला शिव्या घातल्या. 'माझे लेखी देव मेला' असं तुकोबा म्हणून गेले, आणि ते अभंग आपण जपून ठेवलेत. तेव्हा नामाआधी खुशाल गाऱ्हाणं घाला. मराठीत घाला नाहीतर कन्नडमध्ये. पंढरीच्या वाटेवर दोन्ही चालतात.

मोबाईलवर कीर्तनं ऐकत नवनवे महाराज शोधत बसण्यानं घटकाभर बरं वाटतं, एवढंच.

त्यापेक्षा संध्याकाळी गावच्या हरिपाठाला उभं राहा. हातात टाळ आला की मन नसलं तरी पावलं पडतात, आणि एखाद्या दिवशी आपला आवाज फुटला नाही तर शेजारचा ओढून नेतो. अश्विन पौर्णिमेपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंतचा काकडा, म्हणजे देवळातली पहाटेची आरती-भजनं, तर अशांसाठी उत्तमच. महिनाभर पहाटे कुणीतरी हाक मारायला येतं. उठायचं की नाही हा विचारच उरत नाही.

पण झोप उडाली, अन्न गोड लागेना, कशातच जीव रमेना आणि हे दोन आठवडे टिकलं, तर त्याला साधनेतला कोरडेपणा म्हणून अंगावर काढू नका. डॉक्टरांना दाखवा. जगणंच नको वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोन सेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. गोळ्या चालू असताना हरिपाठ म्हणायला कुणाची मनाई नाही.