लेकीसोबत जुनी पद्मिनी उभी करताय? मग टॉर्च तुम्ही धरा

लहानपणी दर रविवारी अण्णांच्या स्कूटरशेजारी मी टॉर्च धरून उभा असायचो, "अरे इकडे दाखव, तुझं लक्ष कुठंय" एवढंच ऐकायचो, आणि इतक्या वर्षांत शिकलो काय तर टॉर्च धरायला. म्हणून लेकीची दहावी झाल्यावर मामांची बंद पडलेली प्रीमियर पद्मिनी कार दुरुस्त करायला टोईंग करून मुलुंडला आणली तेव्हा नियम एकच ठेवला, पाना तिच्या हातात आणि टॉर्च माझ्या.

पद्मिनीच का? कारण ही गाडी कुर्ल्याची, प्रीमियरचा कारखाना तिथेच होता. पद्मिनी हे नाव आलं १९७४ मध्ये, त्याआधी तीच गाडी फियाट ११०० डिलाइट होती, आणि ऑक्टोबर २०२३ पर्यंत मुंबईत काळीपिवळी म्हणून चालत होती, त्यामुळे तिचे पार्ट आणि तिची नस माहीत असलेले मेकॅनिक अजून सापडतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला एक चक्कर मारा, पण जुना पार्ट खिशात घेऊनच जा. दुकानात नाव सांगण्यापेक्षा "ह्याच्यासारखा द्या" जास्त चालतं. आणि भाव पोरांना करू द्या, माझ्यापेक्षा बराच कमी करून आणते आमची लेक.

गाडी घ्यायच्या आधी आरसी बघा, रंग नंतर बघा. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर कागदाशी स्वतः ताडून पाहा. १५ वर्षांनंतर आरटीओत फिटनेस दाखवून रजिस्ट्रेशन दर ५ वर्षांनी रिन्यू करावं लागतं. ५० वर्षांच्या पुढची गाडी असेल तर २०२१ च्या नियमाने व्हिंटेज नोंदणी आहे, नंबरात 'व्हीए' येतं, पण मग ती रोज ऑफिसला नेता येत नाही. पत्रावाल्याला चेसिस नंबरवर वेल्डिंग किंवा पुट्टी मारू नको म्हणून दोनदा बजावा.

आता काम. सगळ्यांना आधी इंजिन चालू करून ऐकायचं असतं, मलाही होतं. थांबा. आधी पत्रा आणि ब्रेक. मुंबईच्या पावसाचा गंज वरून दिसत नाही, खालून खातो. मॅट उचला, फ्लोअर स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा, दाराची खालची कड, जॅक लावायची जागा, डिकीतला स्टेपनीचा खड्डा, सगळं. स्क्रूड्रायव्हर आरपार गेला तर तिथे पुट्टी नाही, पत्रा कापून नवा जोडायचा. हे वेल्डिंग मात्र बाहेरच्याकडून, त्यात हौस नको.

ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून कुणीही खाली जायचं नाही, स्टँड लावा, चाकाला ओट, म्हणजे दगड किंवा ठोकळा, लावा. ड्रम उघडल्यावर आतली धूळ फुंकू नका, जुन्या ब्रेक शूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा. व्हील सिलेंडर ओले दिसले की बदला आणि होज, म्हणजे ब्रेकचे रबरी पाइप, तर सरसकट बदला. मग ब्रेकच्या पाइपांतली हवा काढायची, मास्टर सिलेंडरपासून (पेडलला जोडलेला, ब्रेक ऑइल ढकलणारा) सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात, म्हणजे आपल्याकडे मागचं डावं. इथे दोन माणसं लागतातच. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकामागचं हवा सोडायचं निप्पल सैल सोडून परत आवळायचं, आणि आवळल्याशिवाय पेडल सोडायचं नाही. आम्ही पहिल्या दिवशी यावरून कडाक्याचे भांडलो, कारण मी "सोडलं" म्हणालो ते मला निप्पल सोडल्याचं सांगायचं होतं आणि तिने पेडल सोडलं! तेव्हापासून "दाब, धर, झालं" एवढेच शब्द. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाणी मारा, रंग उठतो.

खोलताना प्रत्येक स्टेपचा फोटो. मी कार्बोरेटर फोटोशिवाय खोलला, शेवटी एक वायसर उरला, मॅडमनी परत खोलून जोडला, मी गप्प. नट-बोल्ट मसाल्याच्या डब्यात, एका वाटीत एका जागचे (बायकोला नवा डबा घेऊन द्या, जुना परत मागू नका).

इंजिन १०८९ सीसीचं, कॉम्प्युटर वगैरे काही नाही, त्यामुळे पोरांना डोळ्यांनी दिसतं की ठिणगी कुठून कुठे जाते. प्लगच्या वायरींवर नंबर चिकटवूनच काढा, फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलेंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२. वर्षानुवर्षं बंद असलेल्या इंजिनाला थेट स्टार्टर मारू नका, प्लग काढून प्रत्येक भोकात थोडं ऑइल टाका, रात्रभर ठेवा, मग हाताने फिरवा. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. पेट्रोलचे रबरी पाइप नवे आणि इथेनॉल सोसणारे घ्या, हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुनं रबर त्याने फुगतं, चिरतं. पहिल्यांदा चालू करताना आग विझवायचा सिलेंडर हाताशी ठेवा, आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी सांगून ठेवा, धूर बघून ते खाली येणारच.

आमची मार्चमध्ये चालू झाली. आता वायपरची मोटर काढलीय, कालपासून टेबलावर आहे, आणि मला सांगितलंय की हात लावायचा नाही.