चेकलिस्टमध्ये टिक नको, आकडा लिहा

आरसीसी (सळई घातलेल्या काँक्रीटच्या) डिझाइनची चेकलिस्ट भरताना ‘कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) तपासलं’ म्हणून नुसती टिक मारू नका. ड्रॉइंगवर जो आकडा दिसतोय तो लिहा आणि शेजारी आयएस ४५६ चा, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय मानकातला. मालवण-रत्नागिरीकडे किनाऱ्यालगत इमारत असेल तर याचा फायदा लगेच कळतो. तिथलं वातावरण मानकाच्या ‘सिव्हिअर’ (तीव्र) वर्गात मोडतं, म्हणजे किमान एम ३० काँक्रीट (‘एम’चा आकडा म्हणजे काँक्रीटच्या ताकदीची प्रत) आणि ४५ मिमी कव्हर. पण ड्रॉइंगवरच्या जनरल नोट्स (सर्वसाधारण सूचना) पुण्यातल्या जुन्या कामातून कॉपी-पेस्ट झालेल्या असल्या, की तिथे एम २५ आणि ३० मिमी निमूट बसलेलं असतं. (टिक मारून हे सुटलेलं मी पाहिलंय.)

बाल्कनीच्या कॅन्टिलिव्हर (एकाच बाजूला आधार असलेल्या) स्लॅबला वेगळी ओळ ठेवाच. मुख्य सळई वरच्या बाजूला आहे का, आत पुरेशी नेलीय का, काँक्रीट टाकताना पायाखाली दबू नये म्हणून चेअर (सळईखालचे आधार) दाखवल्यात का? हे सगळं गणिताच्या शीटवर नाही, सेक्शनवर (छेदाच्या ड्रॉइंगवर) बघायचं. कॉलमच्या रिंगचा (उभ्या सळयांभोवतीच्या कड्याचा) हूक १३५ अंशांत काढलाय का, तेही तिथेच.

आणि यादी डिझाइन करणाऱ्यानं स्वतः भरू नये. शेजारच्या टेबलावर सरकवा.