शिवाजीनगर कोर्टात निकाल विरोधात गेला. आता अपील कसं करायचं?

निकाल विरोधात गेला की पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात एक वाक्य हमखास कानावर येतं: "इथे आमचं कोणी ऐकूनच घेतलं नाही, आता हायकोर्टात सगळं सांगतो." त्या माणसाचं दुःख खरं असतं, पण अपील म्हणजे सगळं पुन्हा सांगण्याची जागा, ही समजूत त्याला महागात पडते. वरच्या कोर्टात साक्षीदार सहसा पुन्हा पिंजऱ्यात उभे राहत नाहीत. खालच्या कोर्टाची फाइल वर जाते आणि तिथले न्यायाधीश निकालपत्र तपासतात. समोरच्या पुराव्यातून हा निष्कर्ष निघतो का, कायदा नीट लावला का, हे ते बघतात. त्यामुळे निकालपत्रातली चूक शोधणं हेच अपिलाचं खरं काम आहे.

आधी नक्कल, त्याच दिवशी

निकाल लागला त्याच दिवशी सही-शिक्क्याच्या नकलेसाठी अर्ज द्या. फौजदारी खटल्यात कैदेची शिक्षा झाली असेल तर आरोपीला निकालाची प्रत लगेच आणि मोफत मिळायला हवी. नसेल मिळाली तर मागा.

दिवाणी निकालावर जिल्हा न्यायालयात अपील करायला ३० दिवस असतात आणि उच्च न्यायालयात ९०. फौजदारीत शिक्षेविरुद्ध सत्र न्यायालयात ३० आणि उच्च न्यायालयात ६० दिवस. फाशीच्या शिक्षेसाठी मात्र ३० दिवसच. नकलेचा अर्ज दिल्यापासून ती तयार होईपर्यंतचे दिवस यातून वगळले जातात. अर्ज द्यायला तुम्ही जे दिवस घालवले ते वगळले जात नाहीत, आणि तयार झालेली नक्कल न्यायला उशीर केला तर तेही नाहीत. समजा निकाल ३ मार्चला लागला. ३० दिवसांची मुदत २ एप्रिलला संपते. नकलेचा अर्ज १० मार्चला दिला आणि नक्कल १८ला तयार झाली, तर हे ९ दिवस धरून मुदत ११ एप्रिलपर्यंत जाते. या तारखा नकलेवरच लिहिलेल्या असतात.

मुदत उलटली तर विलंब माफीचा अर्ज करता येतो. त्यात आजारपण, दवाखान्याचे कागद, मधल्या काळात काय घडलं, हे सगळं तारखांसह लिहा. "घरगुती अडचणीमुळे उशीर झाला" एवढ्या एका ओळीवर किती लोकांनी आपली न्याय्य बाजू गमावली असेल, याचं मला फार वाईट वाटतं.

निकालपत्र पेन्सिल घेऊन वाचा

पहिल्या वाचनात राग येतो. तो येऊ द्या आणि दोन दिवसांनी पुन्हा वाचा. कोर्टाने काढलेल्या प्रत्येक मुद्द्याचं उत्तर दिलंय का ते पाहा. तुमचा महत्त्वाचा कागद कोणत्या निशाणीवर (कोर्टाने पुराव्याच्या कागदाला दिलेला क्रमांक) दाखल आहे ते शोधा आणि त्या निशाणीचा निकालात उल्लेख आहे का, ते बघा. उलटतपासात समोरच्याने दिलेली कबुली सुटली आहे का? साक्षीदार बोलला एक आणि निकालात लिहिलंय दुसरं, असं झालंय का? अशी प्रत्येक जागा परिच्छेद क्रमांकासह वहीत टिपा. वकिलांना ही वही दिलीत तर अपिलाची कारणं निम्मी तिथेच तयार होतात. "न्यायाधीशांनी पक्षपात केला" असं मात्र पुरावा नसताना लिहू नका. त्याने खऱ्या चुकाही झाकल्या जातात.

दिवाणी: पहिल्या अपिलात जीव ओता

हडपसरला सामाईक भिंतीवरून दोन भावांचा दावा चालला आणि धाकटा हरला, असं धरू. त्याचं पहिलं अपील ही सर्वांत मोठी संधी आहे, कारण तिथे कायद्याबरोबर पुरावाही नव्याने तोलता येतो. अपील कोर्टाने निर्णयाचे मुद्दे, त्यांवरचा निर्णय आणि त्याची कारणं लिहिलीच पाहिजेत, असं दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१ मध्ये सांगितलं आहे. नवा कागद सहसा घेत नाहीत. खालच्या कोर्टाने तो चुकीने नाकारला असेल, किंवा पूर्ण प्रयत्न करूनही तो तेव्हा मिळणं शक्य नव्हतं, असं दाखवावं लागतं.

तिथेही हरलात तर दुसरं अपील उच्च न्यायालयात जातं, पण कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच. १९७६ च्या दुरुस्तीपासून हे दार मुद्दामच अरुंद केलेलं आहे. भिंत कोणी बांधली हा वस्तुस्थितीचा प्रश्न झाला. त्यावर दोन्ही कोर्टं एकमत असतील तर उच्च न्यायालय सहसा हात घालत नाही. म्हणून पहिल्या अपिलाला "वर बघून घेऊ" म्हणून सोडू नका.

आणि हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: अपील दाखल केलं म्हणून निकाल थांबत नाही. स्थगितीचा वेगळा अर्ज लागतो. तो नसेल तर समोरचा दरखास्त, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करून ताबा घेऊ शकतो.

फौजदारी

प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या शिक्षेवर अपील सत्र न्यायालयात आणि सत्र न्यायालयाच्या शिक्षेवर उच्च न्यायालयात. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, त्यामुळे कलमांचे आकडे बदललेत. शिक्षा स्थगितीचं जुनं कलम ३८९ आता ४३० झालं. आरोपी जामिनावर असेल आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल, तर अपील करता यावं म्हणून शिक्षा देणारं कोर्टच त्याला जामिनावर ठेवू शकतं. येरवड्यात असलेल्या माणसाला तुरुंग अधिकाऱ्यांमार्फतही अपील पाठवता येतं. आरोपीने स्वतः केलेल्या अपिलात त्याची शिक्षा वाढवता येत नाही, हे ऐकून कितीतरी आयांचा जीव भांड्यात पडतो.

चेक न वटल्याच्या शिक्षेत एक खर्च आधीच धरा: दंड किंवा भरपाईच्या किमान २० टक्के रक्कम भरायला अपील कोर्ट सांगू शकतं.

आरोपी सुटला तर? सरकार अपील करू शकतं आणि पीडित व्यक्तीसुद्धा. कमी गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली किंवा भरपाई अपुरी मिळाली, तरी पीडिताला अपिलाचा हक्क आहे. फक्त शिक्षा वाढवून मागायची तर ते सरकारचं काम. मात्र सुटलेल्या माणसामागे निर्दोषत्वाचं गृहीतक आता दुप्पट बळाने उभं असतं, आणि पुराव्यातून दोन रास्त अर्थ निघत असतील तर वरचं कोर्ट सुटकेला धक्का लावत नाही. पीडित कुटुंबाला हे ऐकायला जड जातं, पण वकिलांनी ते पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

नोकरी: इथे बहुतेकदा अपीलच नसतं

चाकणमधला कामगार कामगार न्यायालयात हरला आणि तीस दिवसांत अपील करायला धावला, तर त्याला कळतं की औद्योगिक विवाद कायद्याखालच्या निवाड्यावर अपील नाही. घटनेच्या अनुच्छेद २२६, २२७ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका, म्हणजे आदेशाची वैधता तपासून मागणारा अर्ज, करावी लागते. अनुचित कामगार प्रथांच्या १९७१ च्या राज्य कायद्याखाली कामगार न्यायालयाने आदेश दिला असेल, तर औद्योगिक न्यायालयात पुनरीक्षण (रिव्हिजन) अर्ज होतो. खासगी शाळेतल्या शिक्षकाने काढून टाकल्याच्या आदेशावर ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणात जावं, राज्य सरकारी कर्मचाऱ्याने महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक विवाद कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली आहे, तेव्हा आपलं प्रकरण कोणत्या कायद्याखाली चालतंय हे वकिलांना आधी विचारा.

रिटमध्ये न्यायाधीश पुरावा पुन्हा तोलत नाहीत. अधिकार नसताना आदेश दिला, चौकशीत बाजू मांडू दिली नाही, पुरावाच नसताना निष्कर्ष काढला, किंवा शिक्षा सदसद्विवेकाला धक्का देण्याइतकी कठोर आहे, असं काही दाखवावं लागतं. "मी चोरी केली नाही" यापेक्षा "चौकशी अधिकाऱ्याने माझा साक्षीदार बोलावलाच नाही" हे वाक्य इथे जास्त वजनाचं ठरतं.

कामगार जिंकला आणि मालक वर गेला, तर जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम १७-ब प्रमाणे प्रकरण चालू असेपर्यंत शेवटच्या पगाराइतकी रक्कम मिळते. दुसरीकडे नोकरीला नाही, असं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. बेकायदा काढलेल्या माणसाला मागचा पगार मिळणं हाच सर्वसाधारण नियम आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या प्रकरणात सांगितलं. उच्च न्यायालयाने काढून घेतलेला तिचा पगार तिथे परत मिळाला.

मुंबईची वारी

कोल्हापूरला ऑगस्ट २०२५ मध्ये सर्किट बेंच सुरू झालं, तरी पुणे जिल्हा मुंबईच्याच मुख्यपीठाकडे आहे. सव्वासातची डेक्कन क्वीन पकडायच्या आधी वकिलांना फोन करून प्रकरण त्या दिवशी बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, आहे का ते विचारा. अपिलात तुमची साक्ष होत नाही, त्यामुळे प्रत्येक तारखेला हजर राहणंही बहुधा गरजेचं नसतं.

वकिलांची फी झेपत नसेल तर शिवाजीनगरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतले लोक यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळू शकतो, अपिलासाठीही. जाताना निकालाची नक्कल आणि ती टिपणांची वही सोबत घ्या.