हलच्या आकाराचे शब्द: स्पीडबोटीच्या नव्या मालकांनी या चुका टाळाव्यात

नवी स्पीडबोट घेतलेला माणूस इंजिनाची अश्वशक्ती तोंडपाठ सांगतो. परंतु बोटीच्या हलचा, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या धडाचा, तळ कसा आहे असे विचारले, की ‘व्ही आकाराचा’ एवढेच सांगून मोकळा होतो. हे उत्तर चूक नसले तरी निरुपयोगी असते, कारण नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, बहुतेक वेगवान बोटी व्ही आकाराच्याच असतात.

सर्वांत महागात पडणारी चूक डेडराइजची. तळाची बाजू कीलपासून, म्हणजे तळाच्या मधल्या कण्यापासून, वर चढताना आडव्या पातळीशी जो कोन करते, तो डेडराइज होय. नाळेकडून मागे येताना तो बहुधा कमी होत जातो, म्हणून ट्रान्समपाशी, म्हणजे इंजिन टांगतात त्या मागच्या भिंतीपाशी, तो किती आहे हे कळल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. माझ्या एका स्नेह्यांनी नाळेची धार पाहूनच ‘डीप-व्ही’, म्हणजे मागेपर्यंत खोल व्ही तळाची, म्हणून बोट घेतली. मे महिन्यातल्या एका दुपारी आम्ही मांडव्याहून मुंबईकडे निघालो, वायव्येचा वारा वाढला आणि बोट लाटेलाटेवर अशी आपटू लागली की डब्यातले लाडू फुटून त्यांचा चुरा झाला. मी गुडघे सैल सोडून उभा राहिलो. स्नेही बाकावर बसून राहिले आणि पुढचे दोन आठवडे कमरेला पट्टा बांधून हिंडले. नंतर मोजले, तेव्हा ट्रान्समपाशी जेमतेम १२ अंश निघाले. डीप-व्हीचे नाव ज्या ‘मॉपी’ने गाजवले, त्या रे हंट यांच्या आराखड्यावरील बोटीने १९६० ची मायामी-नासाऊ शर्यत खवळलेल्या समुद्रात जिंकली, ती तळाचा तीव्र कोन थेट ट्रान्समपर्यंत नेल्यामुळे.

मी बोट ट्रेलरवर असताना मोबाइलमधील कोनमापक ट्रान्समजवळ, दोन स्ट्रेकांच्या, म्हणजे तळावरच्या लांबट उंचवट्यांच्या, मधल्या सपाट भागावर टेकवतो, दोन्ही बाजू मोजतो आणि सरासरी काढतो, म्हणजे ट्रेलर एका अंगाला कलला असला तरी फरक पडत नाही. पाच मिनिटांच्या या कामाचा ज्यांना कंटाळा येतो, त्यांनी निदान पट्टा आधी विकत घेऊन ठेवावा. अर्थात कोन मोठा म्हणजे बोट चांगली, असेही नाही. अशी बोट नांगरावर अधिक डोलते आणि पळण्यासाठी अधिक ताकद मागते.

चाईन आणि स्ट्रेक एकच समजू नयेत. तळ आणि बाजू जिथे मिळतात ती कड म्हणजे चाईन, तर तळावर लांबीच्या दिशेने धावणाऱ्या उंचवट्याच्या पट्ट्या म्हणजे स्ट्रेक. दोहोंची धार पाणी तोडून बाजूला फेकण्यासाठी असते, म्हणून दुरुस्तीच्या वेळी फायबरवाल्याला ती घासून गोल करू देऊ नये.

पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर ठेवताना होणारी चूक मला विशेष खटकते. आधार ट्रान्समच्या बराच पुढे संपले, तर इंजिनाच्या भाराने तळाचा मागचा भाग खाली वाकून तिथे हूक, म्हणजे पोकळ बाक, येऊ शकतो. मग बोट नाळ खाली घालून पळते आणि मालक विनाकारण इंजिनवाल्याला बोलावतो. मी दरवर्षी बोट उतरवण्यापूर्वी मागच्या पाच-सहा फुटांवर सरळ पट्टी लावून पाहतो. तळ उलट्या बाजूने फुगीर असेल, तर त्याला रॉकर म्हणतात आणि अशी बोट वेगात नाळ वरखाली करत उसळ्या घेते.

हल स्पीड म्हणजे बोटीचा कमाल वेग नव्हे; पाणी बाजूला सारत चालणाऱ्या बोटीची, पाणरेषेच्या लांबीवरून काढलेली ती अंदाजे वेगमर्यादा. २५ फूट पाणरेषेसाठी तो सुमारे ६.७ नॉट येतो, आणि प्लेनिंग हल, म्हणजे वेगात पाण्यावर उचलून पळणारे हल, तो ओलांडण्यासाठीच बांधलेले असते.

माहितीपत्रकातला ड्राफ्ट, म्हणजे बोटीला तरंगायला लागणारी पाण्याची खोली, इंजिन उचलून मोजला की खाली सोडून, हे विचारून घ्यावे. दीड फूट पाण्यात तरंगणारी बोट इंजिन सोडताच अडीच फूट मागू शकते, आणि ओहोटीला खाडीच्या तोंडाशी तेवढ्या फरकाने माणूस चिखलात बसून भरतीची वाट पाहतो. मी तो मोठा आकडा स्टीअरिंगशेजारी रंगाने लिहून ठेवला आहे.