ब्रेस्ट रिडक्शननंतरचा बधिरपणा : या चुका टाळा

स्तनांचा आकार कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर, म्हणजे ब्रेस्ट रिडक्शननंतर, स्तनाग्र आणि टाक्यांच्या आसपासची त्वचा काही आठवडे किंवा काही महिने बधिर राहणे ही नेहमीची गोष्ट आहे आणि केवळ तेवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही. काळजी करायची ती या काळात घरच्या घरी केल्या जाणाऱ्या उपायांची, कारण त्यांतले काही खरोखर इजा करतात.

सर्वांत घातक चूक शेकण्याची. अंग दुखले, आखडले, बधिर झाले की शेक द्यायचा ही आपल्याकडची जुनी सवय. त्यामुळे घरातली वडीलधारी बाई मायेपोटी गरम पाण्याची पिशवी किंवा तव्यावर तापवलेले फडके घेऊन येते. एरवी चटका बसताच आपण झटकन बाजूला होतो, पण बधिर त्वचेकडून तशी सूचना येत नाही, आणि शस्त्रक्रियेत बदललेला रक्तपुरवठा पूर्ववत होईपर्यंत उष्णता वाहून नेण्याची तिची क्षमताही कमी असते. परिणामी जळल्याचे समजते ते फोड आल्यावर. स्तनांच्या शस्त्रक्रियांनंतर असे भाजल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. बर्फाचेही तसेच; सर्जनने सांगितल्याशिवाय तो थेट त्वचेवर ठेवू नये. अंघोळीचे पाणी आधी मनगटावर घेऊन पाहावे आणि ओट्यापाशी उकळत्या पातेल्यावर वाकताना वाफेचे भान ठेवावे.

दुसरी चूक घाईची. स्तनाग्राला संवेदना देणाऱ्या नसांमध्ये चौथ्या बरगडीलगतच्या नसेच्या शाखेचा वाटा मोठा असतो. तिच्याबरोबर तिसऱ्या आणि पाचव्या बरगडीलगतच्या शाखाही काम करतात. शस्त्रक्रियेत ही नस नुसती ताणली गेली असेल तर संवेदना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परतू लागते, परंतु ती कापली गेली असेल तर नव्या तंतूंची वाढ दिवसाला साधारण १ मिलिमीटर, म्हणजे महिन्याला जेमतेम ३ सेंटिमीटर, एवढ्या गतीने होते. म्हणून सहाव्या आठवड्यात निष्कर्ष काढणे व्यर्थ आहे. बरीचशी सुधारणा पहिल्या वर्षात दिसते आणि काहींमध्ये ती त्यानंतरही चालू राहते. दोन्ही बाजू एकाच वेगाने सुधारतील असेही नाही. काहींची संवेदना मात्र कायमची कमी राहते, आणि हे शस्त्रक्रियेपूर्वीच स्पष्ट सांगितले गेले पाहिजे.

इथे शस्त्रक्रियेची पद्धत फार महत्त्वाची ठरते. बहुतेक पद्धतींमध्ये स्तनाग्र रक्तवाहिन्या आणि नसा असलेल्या ऊतींच्या पट्ट्याला जोडलेलेच ठेवून वर सरकवतात. फार मोठ्या स्तनांमध्ये किंवा रक्तपुरवठ्याचा धोका असल्यास ते पूर्ण वेगळे करून त्वचारोपणासारखे पुन्हा बसवावे लागते. अशा वेळी पूर्वीसारखी संवेदना परतण्याची शक्यता बरीच कमी असते आणि त्या स्तनातून पुढे बाळाला दूध पाजता येत नाही. आपली कोणती पद्धत झाली हे माहीत नसताना दुसऱ्या बाईच्या अनुभवाशी तुलना करणे निरर्थक आहे. डिस्चार्ज कार्डवर पद्धतीचा उल्लेख नसेल तर सर्जनकडून तो लिहून घ्यावा.

संवेदना परतताना झिणझिण्या येणे, क्षणभर विजेचा झटका बसल्यासारखे वाटणे, खाज सुटणे किंवा कपड्याचा स्पर्शही नकोसा होणे असे प्रकार घडतात. याला बिघाड समजून स्पर्श पूर्ण टाळला तर ही अतिसंवेदनशीलता अधिक रेंगाळते. जखमा पूर्ण भरल्यावर आणि सर्जनची परवानगी मिळाल्यावर आधी कापूस, मग मऊ मलमल आणि शेवटी टॉवेल, असे दिवसातून दोन-तीनदा काही मिनिटे हलकेच फिरवावे. टाचणी टोचून किंवा चिमटा काढून रोज परीक्षा घेणे मात्र निव्वळ अविचाराचे आहे. बी-१२च्या गोळ्यांचा उपयोग कमतरता असल्यासच होतो. तपासणीशिवाय त्या घेत राहण्यात अर्थ नाही.

दुखत नाही म्हणजे सारे ठीक आहे, हाही गैरसमज महागात पडतो. बधिर भागातला जंतुसंसर्ग वेदनेवाचून वाढू शकतो, त्यामुळे आरशात रोज पाहणे आवश्यक आहे. सावळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून हाताची मागची बाजू लावून उष्णता, सूज आणि स्राव तपासावा. पहिल्या दिवसांत एकच बाजू अचानक फुगली आणि घट्ट झाली, किंवा स्तनाग्र निळसर, काळपट अथवा पांढरेफटक पडू लागले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

आणखी एक गोष्ट सहसा लपवली जाते, ती म्हणजे मशेरी. सिगारेट ओढता का, या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणाऱ्या कित्येक जणी मशेरीला तंबाखूत धरतच नाहीत, परंतु तिच्यातील निकोटिन रक्तवाहिन्या तितक्याच आकुंचित करते आणि स्तनाग्राची ऊती मृत होण्याचा धोका वाढवते. ही सवय शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांना सांगावी आणि त्यांनी ठरवलेल्या मुदतीपर्यंत बंद ठेवावी.

व्रण भरल्यानंतरही एका ठरावीक बिंदूवर दाबले की तीव्र कळ येत असेल आणि ती महिनोन्महिने तशीच राहिली, तर तिथे नसेच्या तुटक्या टोकाची गाठ झालेली असू शकते. तिच्यावर औषधे, इंजेक्शन किंवा छोटी शस्त्रक्रिया असे उपचार आहेत. प्लास्टिक सर्जनकडे जाण्यापूर्वी तो बिंदू पेनाने खूण करून ठेवल्यास तपासणी सोपी होते.